लेकरांचा विश्वास त्यांचा होऊ द्या

आई-बाबांनो,

बारावीचा निकाल लागला की आपली अमरावती-अकोल्याची पोरं बाहेर पडतात. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला. बॅगेत चिवडा असतो, शेंगदाण्याची चटणी असते आणि सगळ्यात वर आईनं ठेवलेलं बायबल असतं. दोन-तीन वर्षांनी पोरगं दिवाळीच्या सुट्टीत घरी येतं. रविवारी उपासनेत आपल्या शेजारी बसतं, गीतं पुस्तक न उघडता म्हणतं, आणि सोमवारी रात्री जेवता जेवता सांगून टाकतं की तिकडे मी कुठल्याच चर्चला जात नाही. आई रडायला लागते. बाप संगतीला दोष देतो, मोबाइलला देतो, पुण्याला देतो.

रविवारच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे. अशी पोरं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या आयांशी बोललेही आहे. पोरानं तिकडे जाऊन विश्वास सोडला, असं आपण म्हणतो. मला मात्र वाटतं, पुष्कळदा सोडण्यासारखं त्याच्याजवळ काही नसतंच. सवय असते, पाठांतर असतं, आई-बाबांचा धाक असतो. आपली नजर हटली की या तिन्ही गोष्टी गळून पडतात. म्हणून आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते पोर घरात असतानाच्या वर्षांबद्दल.

आधी विश्वासाच्या जागी आपण सवय आणि धाक का देऊ लागलो, ते पाहू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून काढला. त्या काळात अकोला-खामगाव भागात अलायन्स मिशननं अनाथ लेकरांना आसरा दिला. आपल्यातल्या कित्येक घराण्यांची गोष्ट अशाच एखाद्या आश्रमाच्या ओसरीवर सुरू होते. त्या उपकाराला मी विसरत नाही, तुम्हीही विसरू नका. पण मिशन कंपाउंडात घर, शाळा, नोकरी आणि उपासना एकाच साहेबाच्या हाताखाली असायची. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की प्रार्थनेला बसायचं. साहेब सांगेल ते ऐकलं तर डोक्यावर छप्पर राहायचं. देवावर भरवसा ठेवणं आणि वरच्याचं ऐकणं या दोन गोष्टी त्या पिढीच्या मनात एकमेकींत गुंतून गेल्या. साहेब केव्हाच गेले, पण घंटा आपण घरात आणली. आता ती आपण आपल्या लेकरांसाठी वाजवतो आहोत.

शमुवेलाची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. हन्नानं नवस केला, लेकरू झालं, तिनं ते देवाच्या मंदिरात आणून याजक एलीच्या हवाली केलं. पण एक बारकावा आपण सांगायचा राहतो. शमुवेल मंदिरात झोपत होता, देवाच्या कोशाजवळ. सेवा करत होता, दारं उघडत होता. तरी शास्त्र स्पष्ट म्हणतं की त्याला अजून परमेश्वराची ओळख नव्हती. देवाच्या घरात वाढलेलं लेकरू, आणि देवाची ओळख नाही! रात्री हाक आली तेव्हा तो धावत गेला एलीकडे. तीन वेळा गेला. त्याच्यासाठी हाक मारणारा म्हणजे एलीच, दुसरा कोण असणार?

आता एलीकडे बघा. तो म्हाताऱ्या डोळ्यांचा, चुकलेला बाप होता. त्याची स्वतःची पोरं, हफनी आणि फिनहास, याजकाच्या वस्त्रांत राहून अर्पणाचं मांस दांडगाईनं ओढून नेत होती. विधी सगळे पाठ, आत काही नाही. तरी त्या रात्री एलीनं एक मोठं काम केलं. हाक कोणाची आहे हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा ‘देव तुला काय सांगत असेल ते मी सांगतो’ असं तो म्हणाला नाही. त्यानं पोराला परत जागेवर झोपायला पाठवलं आणि पुन्हा हाक आली तर उत्तर कसं द्यायचं तेवढं शिकवलं. स्वतः बाजूला झाला. आणि सकाळी पोरानं जे ऐकलं होतं ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होतं. एलीनं ते खोदून विचारलं, ऐकून घेतलं आणि ते देवाचं आहे हे मान्य केलं. आपल्याला भीती वाटते ती याचीच. लेकरानं खरंच स्वतः ऐकायला सुरुवात केली तर ते आपल्याविरुद्धही काही ऐकेल.

हे आपल्या घरात कसं घडतं, त्याचं रोजचं उदाहरण प्रसादाचं.

आपण वऱ्हाडात राहतो. अंबादेवीच्या गावात राहतो, शेगाव इथून जवळ आहे. शेजारच्या काकू नवरात्रात ताट घेऊन येतात, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला महाप्रसादाचं बोलावणं येतं, वर्गातली मैत्रीण डब्यातला लाडू पुढं करते. आणि आपल्या घरात नियम असतो, ‘आपण ते खात नाही.’ लेकरू विचारतं, ‘पण कायले नाही खायचं?’ उत्तर येतं, ‘आपल्यात चालत नाही म्हणून.’ मग पोर काकूंसमोर खोटं बोलायला शिकतं, पोट दुखतं म्हणून सांगतं. किंवा शाळेत खातं आणि घरी लपवतं. दोन्हीकडे त्याला ढोंग शिकायला मिळालं, ख्रिस्त कुठंच भेटला नाही.

आता पौलाकडे बघा. करिंथ गावातल्या विश्वासणाऱ्यांपुढे अगदी हाच प्रश्न होता. मूर्तीला वाहिलेलं मांस बाजारात विकायला यायचं, शेजाऱ्यांच्या पंगतीत वाढलं जायचं. पौलानं एका ओळीचा हुकूम लिहून विषय संपवला असता तर चाललं असतं. त्याचा अधिकार होता. पण पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायापासून दहाव्यापर्यंत तो त्या प्रश्नापाशी थांबतो. मूर्ती काही नाही, हे तो आधी मान्य करतो. पण ज्याच्या मनाला हे अजून उमगलेलं नाही, त्याचं काय? तुझ्या मोकळेपणामुळे तो अडखळला तर? दुसऱ्या बाजूनं तो बजावतो की मूर्तीच्या पंगतीत बसणं आणि प्रभूच्या मेजावर बसणं एकाच वेळी जमायचं नाही. मग म्हणतो, कोणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. केवढा विचार आहे हा! देवाची निष्ठा आहे, शेजाऱ्याचा मान आहे, दुबळ्या भावाची काळजी आहे.

माझं तुम्हाला सांगणं इतकंच आहे. तुमची मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की तिच्यासोबत बसून हे तीन अध्याय वाचा. तिला विचारा, ‘काकू ताट घेऊन आल्या तर तू काय करशील, आणि का?’ तिचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं येऊ शकतं. काही घरं प्रेमानं ताट घेतात, काही घरं तितक्याच प्रेमानं नाही म्हणतात. मी स्वतः नम्रपणे नाही म्हणणाऱ्यांतली आहे आणि काकूंना कारण सांगते. त्यांना ते समजतं, पुढच्या वर्षी त्या माझ्यासाठी साधी पुरणपोळी वेगळी काढून ठेवतात. पण माझं उत्तर पाठ करून तुमच्या मुलीचं भागणार नाही. तिला स्वतःच्या मनानं देवासमोर उभं राहून उत्तर द्यायला यायला हवं. पुण्याच्या होस्टेलवर तिच्यासोबत मी नसेन, तुम्हीही नसाल.

पाठ केलेल्या उत्तरासारखीच नक्कल असते, तिच्याबद्दलही बोलायलाच हवं. आपली लेकरं नकला फार छान करतात आणि आपण त्यांना बक्षिसं देतो. सहा वर्षांचं पोट्टं टीव्हीवरच्या प्रचारकासारखं हात वर करून ‘हालेलुया’ म्हणतं, सगळी मंडळी टाळ्या वाजवते. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसातली एक गोष्ट आहे. स्किवाच्या सात मुलांनी पौलाचं बघून भुतं काढायला सुरुवात केली. पौल ज्या येशूची घोषणा करतो त्या येशूच्या नावानं, असं ते म्हणायचे. स्वतःची ओळख नव्हती, दुसऱ्याच्या ओळखीवर काम चाललं होतं. भुतानं उलट विचारलं की येशू माहीत आहे, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि त्यांना त्या घरातून उघडं-नागडं, जखमी होऊन पळावं लागलं. माझ्या वर्गात मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. मुलं हसतात. हसून झाल्यावर एखादं मूल गप्प होतं आणि मला बरं वाटतं.

घरातली प्रार्थना लेकरांना त्यांच्या बोलीत करू द्या. आपली पोरं दिवसभर वऱ्हाडीत बोलतात, भांडतात, हसतात आणि संध्याकाळी डोळे मिटले की एकदम पुस्तकातली मराठी सुरू होते, जणू देवाला वऱ्हाडी समजत नाही. ‘देवा, आज मले त्याचा लय राग आला होता’ असं एखादं पोर म्हणालं तर त्याला दुरुस्त करू नका. ती खरी प्रार्थना आहे.

आता जरा कठीण बोलते, माझा राग मानू नका. लेकरं आपल्या प्रार्थनेपेक्षा आपला व्यवहार जास्त बघतात. कापसाची वेचणी किलोवर असते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, बाया गाठोडी घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि वही पुष्कळदा आपल्याच पोराच्या हातात असते. काटा नीट पाहिला की दाबला, चुकारा बाजाराच्या दिवशी दिला की पुढच्या आठवड्यावर ढकलला, हे ते पोर लिहून घेतं, वहीत आणि मनातही. त्याच घरातून दशांशाचं पाकीट मात्र दर महिन्याला न चुकता चर्चमध्ये जातं. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देऊन न्याय, दया आणि विश्वास विसरणाऱ्या परूश्यांवर प्रभू किती कडक बोलला! दशांश देऊ नका असं तो म्हणाला नाही. पण अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडते, असं याकोब लिहितो. शेती नसेल तर घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार असतो, दुकानातला हिशेब असतो. पोरं तिथं बघतात.

आपल्या जिल्ह्यातल्या साध्या माणसालासुद्धा खरी भक्ती ओळखता येते. गाडगेबाबा इथल्याच शेणगावचे, १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. ते गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे, कीर्तन रात्री. पाया पडणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. ते ख्रिस्ती नव्हते. पण ज्या लोकांनी खराट्यातली भक्ती पाहिली आहे, त्यांना नुसत्या शब्दांनी ख्रिस्त कसा दाखवणार? आपल्या लेकरांनाही नाही दाखवता येणार.

काही जण मला म्हणतात, मोकळीक दिली तर पोरं भरकटतील. मला त्या वेळी पंडिता रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि चर्चच्या मोठ्या लोकांशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. इतक्या कष्टानं एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटले, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी ठणकावून लिहिलं. त्या प्रश्न विचारत राहिल्या, अडून राहिल्या. आणि १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढं काही वर्षांनी भेटला. त्या मधल्या वर्षांत कोणी त्यांना गप्प केलं असतं तर? मुक्ती मिशन उभारणारी आणि मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणणारी रमाबाई आपल्याला मिळाली असती, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या आठवतात लक्ष्मीबाई टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढं त्या नवऱ्याकडे राहायला आल्या तेही स्वतःचं सोवळं सांभाळून, स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळक स्वभावानं तापट होते, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई स्वतःच्या मनात झुंजल्या, स्वतःच निकाल दिला आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला गेल्या. ‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर मुलांकडून तो भाग मोठ्यानं वाचून घ्या. पोरं पोट धरून हसतील आणि मधेच गंभीर होतील.

एकाच छपराखाली टिळकांनी पाच वर्षं वाट पाहिली, असं मी म्हणणार नाही, कारण त्यातला बराच काळ दोघं दूर होती. पण वाट पाहिली हे खरं. आपल्याला तेवढा धीर धरवत नाही. दृढीकरणाचा वर्ग सुरू झाला की, किंवा आपल्या मंडळीत बाप्तिस्मा मोठेपणी होत असेल तर त्याची तारीख ठरली की, पाहुण्यांना फोन जातात, साडी घेतली जाते, केकची ऑर्डर दिली जाते. मग एखादी पोरगी म्हणते, ‘आई, मला अजून नाही घ्यायचा.’ तिला काय उत्तर देता? लोक काय म्हणतील, हे तुमच्या तोंडून निघालं तर तिला कळून चुकतं की हे सगळं लोकांसाठी चाललं होतं.

तिला थांबायचं असेल तर थांबू द्या. पाहुण्यांना तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका. तिला काय अडतंय ते विचारा, आणि ती बोलत असताना मधेच वचन सांगू नका. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ नसेल तर तसं म्हणा आणि पाळकसाहेबांकडे तिला एकटीला बोलायला पाठवा. ती आली की लगेच, ‘काय म्हणाले?’ असं विचारू नका. ज्या दिवशी ती आपणहून सांगेल, त्या दिवशी ऐका.