किडनी देणारीलाही विश्रांती हवी



वस्तीत कुणाची किडनी बदलली की त्याला बघायला सगळे जातात. कुणी फळं नेतं, कुणी औषधाच्या पैशाला हातभार लावतं. "पेशंट कसा आहे?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो. पण त्या घरात पेशंट दोन असतात. एकाला किडनी मिळालेली असते आणि दुसरीनं ती दिलेली असते. ज्याला मिळाली तो आधीपासून आजारी होता, त्याला ऑपरेशननंतर हळूहळू बरं वाटायला लागतं. देणारीचं उलटं होतं. ती धडधाकट चालत दवाखान्यात जाते आणि पोटावर टाके घेऊन घरी येते.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकांची संख्या जास्त आहे. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते, बहीण भावाला देते. आणि घरातलं पाणी, स्वयंपाक, धुणं-भांडी हेही तिच्याकडेच असतं. त्यामुळे टाके वाळायच्या आधीच ती नळावर उभी दिसते. म्हणून या वेळी आपण तिच्या तब्येतीविषयी बोलू. लेखात आम्ही 'ती' म्हणतो, पण देणारा पुरुष असेल तर हेच सगळं त्यालाही लागू आहे.

एका किडनीवर माणूस जगतो का?

जगतो, आणि चांगला जगतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन इथं रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला किडनी दिली. डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं ते किडनी बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन. रोनाल्ड यांनी त्यानंतर शाळेत गणित शिकवलं, शेती केली आणि एका किडनीवर आणखी ५६ वर्षं जगून २०१० मध्ये त्यांचं निधन झालं.

एक किडनी काढली की काम निम्म्यावर येतं असं वाटतं. तसं होत नाही. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि दोघींनी मिळून जेवढं काम व्हायचं त्यातलं साधारण ६० ते ७० टक्के काम ती एकटी करते. रोजच्या जगण्याला तेवढं पुरतं. म्हणून रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन आधीपेक्षा थोडं वाढलेलं दिसतं. मात्र नवीन डॉक्टरकडे गेल्यावर "मी एक किडनी दिली आहे" हे आधी सांगायचं, म्हणजे त्यांना तो आकडा नीट समजेल.

किडनी दिल्यानं पुरुषाची ताकद जात नाही. बाईला मूल होण्यातही अडचण येत नाही. दाता निवडताना दोन्ही किडन्या, बीपी, साखर, हृदय हे सगळं तपासूनच पुढं जातात. तरीही हे मोठं ऑपरेशन आहे, हे घरातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवायचं.

दवाखान्यातले दिवस

बहुतेक ठिकाणी ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पोटावर तीन-चार लहान छिद्रं आणि किडनी बाहेर काढायला बेंबीखाली एक आडवा छेद असतो. यात साधारण तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात. काही वेळा कुशीवर मोठा छेद घेऊन ऑपरेशन करावं लागतं. मग दवाखान्यातले दिवस वाढतात आणि दुखणंही जास्त असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात. त्यामुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो. दुखणं खांद्यात कसं आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते आपोआप जातं. पोट फुगणं, शौचाला कडक होणं हेही होतं.

दुसऱ्या दिवसापासून नर्स उठवून चालायला लावते. "एवढं दुखतंय आणि चालायला काय लावता?" असं नातेवाईक म्हणतात. पण पडून राहिलं तर पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि छातीत कफ साठतो. म्हणून थोडं थोडं चालायचं, खोल श्वास घ्यायचे. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही.

घरी आल्यावरचे सहा आठवडे

वरची कातडी दहा-पंधरा दिवसांत सांधते. पण आतले पोटाचे थर मजबूत व्हायला निदान सहा आठवडे लागतात. वरून टाका सुकला म्हणजे आतून भरलं असं नाही. या काळात जड उचललं तर आतला सांधा सुटतो, आतडं तिथून बाहेर फुगतं आणि हर्निया होतो. मग त्याचं वेगळं ऑपरेशन.

म्हणून सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. घरातल्या वस्तूंचं वजन बघा. भरलेला हंडा पंधरा किलोच्या पुढं जातो. पाण्याचा मोठा कॅन वीस किलोचा. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. ओल्या कपड्यांची बादली, तांदळाची गोणी, वर्षाचं मूल, हे सगळं हद्दीच्या बाहेर आहे. मुलाला जवळ घ्यायचं असेल तर तिनं बसावं आणि दुसऱ्यानं मूल मांडीवर द्यावं.

बाकीच्या गोष्टी अशा:

• झोपायला शक्यतो बाज किंवा पलंग द्यावा. जमिनीवरून उठताना पोटावर फार जोर येतो. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा रेटा देऊन बसायचं. पोटमाळ्यावर झोपत असेल तर काही दिवस तिची जागा खाली करावी. शिडीची चढउतार नको.

• सार्वजनिक शौचालय लांब असेल, उकिडवं बसायला त्रास होत असेल तर मधे भोक असलेली शौचाची खुर्ची थोड्या दिवसांसाठी मिळवावी. कुंथायचं नाही. शौच कडक होत असेल तर डॉक्टरांना विचारून औषध घ्यावं.

• जखम कोरडी ठेवायची. अंघोळ केव्हा करायची ते डॉक्टर सांगतील. अंघोळीनंतर स्वच्छ कापडानं टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. जखमेवर हळद, तेल, पावडर, झाडपाल्याचा लेप काही लावायचं नाही.

• चालणं रोज वाढवायचं. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, मग पुढं. दम लागला की थांबायचं.

• दुचाकी चालवणं निदान महिनाभर नको. मागे बसूनही खड्ड्यांच्या रस्त्यानं जाणं टाळावं.

• नवरा-बायकोचा संबंध जखम भरून दुखणं थांबेपर्यंत, साधारण महिनाभर, नको.

थकवा हा या काळातला सगळ्यात मोठा त्रास. दोन भाकरी थापल्या तरी बसावंसं वाटतं. दुपारी झोप येते. हा आळस नाही. हा थकवा काही जणींना दोन-तीन महिने राहतो आणि हळूहळू जातो. टाक्यांच्या आजूबाजूला बधिरपणाही राहू शकतो.

खाणं-पिणं

देणारीला वेगळं पथ्य नाही. किडनी मिळालेल्या माणसाचं पथ्य वेगळं, तिचं वेगळं. भाकरी, वरण, भाजी, अंडी, मासे, मटण हे नेहमीचं जेवण चालतं. जखम भरायला ते लागतंच. पाणी तहानेप्रमाणे, दिवसाला साधारण दोन ते अडीच लिटर प्यायचं. उन्हाळ्यात जरा जास्त. "एकच किडनी आहे म्हणून कळशीभर पाणी पी" असं कुणी म्हटलं तर ऐकू नये.

मीठ मात्र आयुष्यभर बेतानं. दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, यापेक्षा जास्त नको. सुके बोंबील, खारे मासे, पापड, लोणचं यात मीठ लपलेलं असतं. ते रोज नको, कधीमधी थोडं. वजन वाढू द्यायचं नाही, कारण वजनाबरोबर बीपी आणि साखर येते आणि या दोन्हींचा मार किडनीवरच बसतो. मशेरी, तंबाखू, बिडी बंद. ज्यानं किडनी दिली त्यानं दारूपासूनही लांब राहावं.

गोळ्यांच्या बाबतीत सावध

अंग दुखलं, डोकं दुखलं की आपण दुकानातून गोळी आणतो. किडनी दिलेल्या माणसानं ही सवय सोडायची. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या किडनीला त्रास देतात. ब्रूफेन, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान ही नावं ओळखीची आहेत, त्यात हीच औषधं असतात. लागलंच तर पॅरासिटामॉल घ्यावं, तेही सांगितलेल्या मापात. भस्मं, पुड्या, 'किडनी साफ करणारे' काढे यांच्या वाटेला जाऊ नये. कुठल्याही डॉक्टरनं नवीन औषध दिलं तर त्यांना विचारायचं, "मला एकच किडनी आहे, हे चालेल का?"

देणारीला कायमच्या गोळ्या नसतात. नवीन किडनी शरीरानं नाकारू नये म्हणूनच्या गोळ्या ज्याला किडनी मिळाली त्याच्या असतात. दोघांच्या गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात.

लगेच दवाखाना गाठा

खालीलपैकी काही झालं तर सकाळची वाट बघू नका:

• ताप १००.४ च्या वर गेला, थंडी वाजून आली.
• जखम लाल, गरम झाली, पू किंवा रक्त येऊ लागलं.
• लघवी फार कमी झाली, जळजळ झाली, लघवीत रक्त आलं.
• एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली.
• अचानक दम लागला, छातीत दुखू लागलं.
• उलट्या थांबत नाहीत, पोट फुगून गॅसही सरत नाही.

पुरुष दात्याला डावीकडची किडनी काढल्यानंतर डाव्या अंडाशी दुखणं किंवा सूज येऊ शकते. लाज न धरता डॉक्टरांना सांगावं.

कामावर केव्हा जायचं?

बसून करायचं हलकं काम असेल तर तीन-चार आठवड्यांनी जमतं. पण आपल्यापैकी कितीजणांचं काम बसून असतं? बिगारी, सफाई, हमाली, धुणं-भांडी, भाजीची पाटी या कामांसाठी आठ ते बारा आठवडे जातात. डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच जावं.

केंद्र सरकारनं २०२३ मध्ये अवयव देणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मंजूर केली. ४२ दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला सरकार सहा आठवडे देतं, मग डोक्यावर पाटी घेणाऱ्या बाईला ते का मिळू नयेत? घरकाम करणारीला, रोजंदारीवाल्याला ही रजा कुणी देत नाही. म्हणून ती घरानं आणि शेजाऱ्यांनी द्यायची आहे.

हे ऑपरेशनच्या आधीच ठरवावं. पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, दोन महिन्यांचा घरखर्च कुठून येणार. दोन्ही पेशंट एकाच घरातले असतील तर तिसरा माणूस लागतोच. देणारीनंच दुसऱ्याची सेवा करायची, हे पहिले सहा आठवडे तरी चालणार नाही. महिला मंडळानं आळीपाळीनं पाणी आणि एका वेळचा डबा वाटून घेतला तर अर्धं काम झालं.

वर्षातून एक दिवस स्वतःसाठी

बरं वाटू लागलं की बहुतेक दाते दवाखान्याकडं फिरकत नाहीत. इथंच धोका आहे. किडनीचं दुखणं सुरुवातीला दुखत नाही. पहिल्या पंधरवड्यात, दीड महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढं दरवर्षी तपासणी करायची. तपासण्या तीनच आहेत: बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतून प्रथिनं जातात का ते. साखरही बघून घ्यावी. सरकारी दवाखान्यात हे सगळं कमी खर्चात होतं. लक्षात राहावं म्हणून दरवर्षी ऑपरेशनच्या महिन्यातच जायचं.

डिस्चार्ज कार्ड सांभाळून ठेवा, पावसात भिजणार नाही अशा पिशवीत. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

ज्या बहिणींना पुढं मूल हवं आहे त्यांनी ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभर थांबावं. गरोदरपणी बीपी वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो. नाव नोंदवतानाच किडनी दिल्याचं सांगावं.

मनाचं काय?

ऑपरेशनच्या आधी देणारीचं कौतुक होतं. नंतर सगळं लक्ष दुसऱ्या पेशंटकडं जातं. तिला उदास वाटतं, रडू येतं, चिडचिड होते. आणि एवढं करून ती किडनी चालली नाही, तर "माझं देणं वाया गेलं" असा घोर लागतो. तो तिचा दोष नसतो, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. महिन्याहून जास्त काळ मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांशी बोलावं.

एक इशारा

गरजेपोटी कुणी पैसे घेऊन किडनी द्यायला तयार होत असेल तर त्याला थांबवा. १९९४ च्या कायद्यानं किडनी विकणं, विकत घेणं आणि दलाली करणं हा गुन्हा आहे. शिवाय लपवून दिलेल्या किडनीमागून तपासणी होत नाही, विश्रांती मिळत नाही आणि कर्ज फिटायच्या आधी शरीर मोडतं. ज्यानं पूर्वी असं केलं असेल त्यानंही लाज बाळगून घरी बसू नये, वर्षातून एकदा तपासून घ्यावं.

दान पारमितेचं महत्त्व आपल्याला सांगायला नको. पण किडनी देऊन दान संपत नाही. देणारी पुन्हा आपल्या पायावर उभी राहीपर्यंत तिचा भार बाकीच्यांनी उचलायचा असतो. पुढच्या वेळी अशा घरी गेलात तर किडनी मिळालेल्याला भेटून झाल्यावर आत जा, तिला विचारा, "ताई, तुमची तब्येत कशी आहे?" आणि परत निघताना तिचा हंडा भरून ठेवा.