प्री-ऑर्डरची वही

जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला 'नॅम' हे वाद्यांचं प्रदर्शन भरलं, की आमच्या दुकानाचं शटर वर जायच्या आत फोन सुरू होतात. "दादा, तो नवा सॅम्पलर आला का?" येणार कुठून? तिथल्या स्टॉलवर मांडलेलं यंत्र कित्येकदा नुसता नमुना असतो. कारखान्यात पहिला लॉट सुरूही झालेला नसतो.

वाद्यांच्या दुकानात प्री-ऑर्डरची वही सांभाळणारा मी माणूस. हौशी लोकांच्या फोनचा मला त्रास नाही. काळजी वाटते ती ज्यांचं पोट वाजवण्यावर आहे त्यांची. एका कीबोर्डवादकाने नव्या मशीनच्या भरवशावर नवरात्राच्या सुपाऱ्या घेतल्या आणि पैसे जमवायला जुनं मशीन विकून टाकलं. "ऑगस्टमध्ये नक्की," असं वितरकाने आम्हाला सांगितलं होतं, आम्ही त्याला. घटस्थापना झाली तरी मशीनचा पत्ता नाही. गडी भाड्याच्या कीबोर्डवर वाजवत राहिला आणि कार्यक्रम संपला की मध्यरात्री मला फोन करत राहिला.

कंपनीकडून 'ऑगस्ट' निघतो तेव्हा त्याला बऱ्याच जर-तर चिकटलेल्या असतात. आमच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत त्या गळून पडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानातल्या नोबेओका इथला एकेएमचा चिप कारखाना जळाला. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिपा तिथे बनत. आग विझायला तीन दिवसांहून जास्त लागले, आणि त्यानंतर जगभरच्या साऊंड कार्डवाल्यांची धावपळ उडाली. काहींना दुसरी चिप बसवण्यासाठी आतलं सर्किटच नव्याने आखावं लागलं. त्या काळात आमच्याकडे येऊन टेबलावर हात आपटणारे होते. त्यांना मी नोबेओका नकाशावर दाखवायचो. शिवाय ब्लूटूथ असलेलं यंत्र भारतात आणायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. परदेशातल्या यूट्यूबरच्या हातात मशीन दिसलं, म्हणून ते इथे विकायला मोकळं झालं असं नाही.

म्हणून नाव लिहिण्याआधी मी विचारतो, काम कोणतं आणि तारीख कोणती? तारीख ठरलेली असेल तर आज शेल्फवर आहे ते घ्या, नाहीतर भाड्याने आणा. (मालकांना माझं हे बोलणं आवडत नाही.) नवं हातात येऊन त्यावर एक अख्खी रात्र वाजवल्याशिवाय जुनं विकू नका. आगाऊ रक्कम थोडीच द्या, आणि ऑर्डर रद्द केली तर ती पूर्ण परत मिळेल का, दर आजचा की माल येईल त्या दिवशीचा, हे पावतीवर लिहून घ्या. काउंटरवर मी तोंडी काही म्हटलं तरी ते धरू नका. "पुढच्या अपडेटमध्ये मिळेल" असं जिच्याबद्दल लिहिलंय ती सोय आज नाहीच, असं समजून पैसे मोजा. कोणी अमेरिकेहून बॅगेतून आणून देत असेल तर अडॅप्टर २३० व्होल्टवर चालतो का आणि वॉरंटी इथे मानतात का, हे आधी विचारा.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या लॉटसाठी थांबा. पहिल्यातल्या बऱ्याच खोड्या तोवर फर्मवेअरमध्ये निस्तरलेल्या असतात. शिवाय घाईने घेतलेल्यांपैकी एखादा तरी आपलं जवळजवळ नवं मशीन खोक्यासकट विकायला काढतोच. अशांचे नंबर वहीच्या मागच्या पानावर आहेत. मालक जेवायला गेले की या.