पाण्यातून येणारी अबोल साथ : टॉक्सोप्लाझ्मोसिस

पाण्यातून येणारे रोग म्हटले की आपल्यापुढे पटकी, हगवण, कावीळ आणि विषमज्वर उभे राहतात. या रोगांची साथ लपून राहत नाही. एकाच वस्तीतील दहा घरांत एकाच आठवड्यात जुलाब सुरू झाले, तर पाण्यात काहीतरी बिघडले हे कोणीही सांगेल. पण दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा एक रोग असा आहे की, त्याची साथ आली तरी घरोघरी आरडाओरड होत नाही. कोणाच्या मानेत गाठी येतात, कोणाला बारीक ताप येतो, कोणाला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. प्रत्येकजण वेगळ्या डॉक्टरकडे जातो आणि या साऱ्यांचे मूळ एकच आहे हे ध्यानात येत नाही. या रोगाचे नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याची लक्षणे ओळखता यावीत, एवढ्याच हेतूने आम्ही ही माहिती देत आहोत.

रोगाचे मूळ

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या अतिसूक्ष्म परजीवीमुळे हा रोग होतो. १९०८ साली ट्यूनिसमध्ये एका उंदरासारख्या प्राण्यात आणि ब्राझीलमध्ये सशात तो प्रथम आढळला. मांजर व मांजराच्या कुळातील रानटी जनावरे हे याचे खरे घर. प्रथमच संसर्ग झालेल्या मांजराच्या विष्ठेतून एक-दोन आठवडे याची लक्षावधी बीजे बाहेर पडतात. ती ओल्या मातीत वर्षभरही टिकतात. पावसाच्या पाण्याबरोबर ती तलावात, विहिरीत जातात, भाजीपाल्याला चिकटतात. माती-पाण्यातून ती शेळ्या-मेंढ्यांच्या व डुकरांच्या पोटात जातात आणि मग कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाला संसर्ग होतो. माणसांत एकमेकांच्या स्पर्शाने, खोकल्याने हा रोग पसरत नाही.

दोन शहरांचा अनुभव

कॅनडातील व्हिक्टोरिया या शहरात १९९४-९५ मध्ये ही साथ आली. शहराला पुरवले जाणारे पाणी क्लोरॅमिन घालून शुद्ध केलेले होते, मात्र ते गाळले जात नव्हते. रुग्णांच्या पत्त्यांवरून माग काढला असता संशय एका जलाशयावर आला. त्याच्या परिसरात पाळीव मांजरे आणि कूगर नावाची मांजरकुळातील मोठी जनावरे वावरत होती. या साथीत १०० रुग्ण निश्चित झाले. त्यांपैकी ५१ जणांना गाठी आल्या होत्या आणि १९ जणांच्या डोळ्यांच्या आतील पडद्याला सूज होती. प्रत्यक्षात २,८९४ ते ७,७१८ लोकांना संसर्ग झाला असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे बहुसंख्य लोकांना आपण आजारी होतो हे कळलेही नाही.

हे परदेशातच घडते असे कोणी समजू नये. तामिळनाडूतील कोइम्बतूर येथे २००४ साली डोळ्यांच्या दवाखान्यात अशा रुग्णांची गर्दी होऊ लागली. या साथीत २४८ रुग्णांची नोंद झाली आणि तेथेही संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावरच गेला. ही साथ उघडकीस आली ती डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे, हे विशेष.

लक्षणे कोणती?

१. निरोगी माणसात बहुधा काहीच लक्षण दिसत नाही. दिसलेच तर संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी मानेत न दुखणाऱ्या गाठी, बारीक ताप, अंगदुखी, डोकेदुखी, थकवा. ताप जातो, पण गाठी कित्येक आठवडे राहू शकतात. आपल्याकडे अशा गाठींना लगेच गंडमाळ समजले जाते. ती शक्यता तपासावीच, परंतु या रोगाचाही विचार व्हावा.

२. डोळा : बहुधा एकाच डोळ्याने धूसर दिसणे, डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणे, उजेड सहन न होणे, लाली व दुखणे. येथे मेडिकलच्या दुकानातून थेंब आणून वेळ घालवू नये. दृष्टी कायमची कमी होऊ शकते.

३. प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण (एड्स, कर्करोगाचे उपचार, अवयवरोपण) : तीव्र डोकेदुखी, बरळणे, झटके, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे. ही मेंदूच्या संसर्गाची लक्षणे असून रुग्णास त्वरित इस्पितळात न्यावे.

४. गरोदर स्त्री : तिला स्वतःला बहुधा काही त्रास होत नाही, पण गर्भाला धोका असतो. गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोक्यात पाणी साठू शकते, किंवा जन्मतः ठीक दिसणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत पुढे दोष निघतो.

सुनेला दोष देऊ नका

वारंवार गर्भपात झाला की ‘टॉर्च’ तपासणी करतात आणि अहवालात टॉक्सोप्लाझ्मा आला की घरात सुनेकडे बोट दाखवले जाते. हे अज्ञान आहे. धोका असतो तो मुख्यतः गरोदरपणातच प्रथम झालेल्या संसर्गाचा. निरोगी स्त्रीला पूर्वी होऊन गेलेला संसर्ग पुढच्या गर्भापर्यंत सहसा पोचत नाही. शिवाय ताज्या संसर्गाची खूण मानली जाणारी आयजीएम ही चाचणी कित्येक महिने होकारार्थी राहू शकते. म्हणून एकाच अहवालावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यावे. या रोगावर औषधे आहेत, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

घरी काय करावे?

पाणी उकळूनच प्यावे. क्लोरीनचे थेंब इतर जंतूंवर उपयोगी असले तरी या बीजांवर त्यांचा भरवसा नाही. गच्चीवरील टाकीला झाकण असावे. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो, पालेभाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. मटण आतपर्यंत शिजवावे, तसेच कच्चे मांस कापल्यावर विळी, सुरी, पाट व हात साबणाने धुवावेत. मातीत काम केल्यावरही हात धुवावेत. घरात मांजर असेल तर तिची घाण रोजच्या रोज काढावी, कारण ताजी विष्ठा लगेच बाधक नसते, तिला एक ते पाच दिवस लागतात. हे काम गरोदर स्त्रीला देऊ नये. मांजराला हाकलून देण्याचे किंवा मारण्याचे काहीच कारण नाही.

शेवटी एकच सांगणे. मानेत गाठ आली, नजर धूसर झाली, तर डॉक्टरांना फक्त दुखणे सांगून थांबू नका. पाणी कोठले पितो, गेल्या महिन्यात काय खाल्ले, शेजारीपाजारी आणखी कोणाला असा त्रास आहे का, हेही सांगा. तीन घरांत सारखीच तक्रार आढळली तर आरोग्य खात्याला कळवा. ही साथ स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने आपणच बोलले पाहिजे.