बायोलॉजी घ्या, पण गणित सोडू नका

2018 मध्ये व्हालसार्टान या रक्तदाबाच्या औषधाच्या काही साठ्यांत एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली आणि अनेक देशांत गोळ्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. एनडीएमए डीएनएला इजा करतं, म्हणून ही धावपळ. एखादा रेणू आपल्या डीएनएला धक्का लावतो का, हे जवळपास प्रत्येक नव्या औषधाबाबत आणि कीटकनाशकाबाबत आधी तपासावंच लागतं. या शाखेला जेनेटिक टॉक्सिकॉलॉजी म्हणतात. बारावीनंतर नीटपलीकडे काही आहे का, असं विचारणाऱ्या पालकांनी ती जरूर पाहावी.

तिथलं एक मुख्य काम असं. पेशी विभागताना कधीकधी गुणसूत्राचा तुटका तुकडा किंवा मागे राहिलेलं अख्खं गुणसूत्र मुख्य केंद्रकात परत जात नाही. त्याचं वेगळं, चिमुकलं केंद्रक तयार होतं. त्याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात आणि अशी केंद्रकंच मोजायची असतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 487 क्रमांकाच्या चाचणीत रसायनाच्या प्रत्येक मात्रेसाठी किमान 2000 पेशी पाहाव्या लागतात. पूर्वी हे सगळं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच मोजायचे. डोळे थकायचे आणि मोजणाऱ्या दोघांचे आकडे जुळायचेच असं नाही. आता स्वयंचलित सूक्ष्मदर्शक 96 खळग्यांच्या प्लेटचे फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर केंद्रकं ओळखून मोजतं.

मग यंत्रच मोजणार असेल तर आमच्या मुलीला काम काय उरणार? हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. मरणाऱ्या पेशीच्या केंद्रकाचे तुकडे होतात, ते मायक्रोन्यूक्लियससारखेच दिसतात. रंगाचा साचलेला कणही तसाच चमकतो. एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी सॉफ्टवेअरला दोन केंद्रकांची एकच पेशी वाटू शकतात. याहून अवघड प्रश्न मात्रेचा असतो. रसायन इतकं जास्त झालं की पेशी मरूच लागल्या, तर दिसणारी इजा डीएनएवरच्या परिणामाची की नुसत्या मरणाची? म्हणून विषारी रसायनाची सर्वांत वरची मात्रा ठरवताना पेशींच्या वाढीत साधारण 55 टक्के घट हे लक्ष्य धरतात. हा निवाडा माणसालाच करावा लागतो आणि अहवालावर सहीही माणसाचीच असते. मोजणीचं काम कमी झालं, निवाड्याचं वाढलं. माझ्या मते हुशार मुलांसाठी हा बदल चांगलाच आहे.

यासाठी लागणारी तयारी मात्र आपल्याकडे अकरावीतच बिघडते. बायोलॉजी घेतलं की गणित सोडायचं, ही सवय मला फार काळजीची वाटते. या क्षेत्रात पेशीही कळावी लागते आणि संख्याशास्त्रही. जमत असेल तर दोन्ही विषय ठेवा. गणित सुटलंच असेल तर बीएस्सी करताना संख्याशास्त्र आणि थोडं पायथन शिकून घ्या. बीएस्सी बायोटेक, प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बीफार्म यांपैकी कोणत्याही वाटेनं येता येतं. पुढे एमएस्सीसाठी आयआयटी जॅम किंवा गॅट-बी आणि पीएचडीसाठी सीएसआयआर नेट या परीक्षा आहेत. नेटमधून फेलोशिप मिळाली तर 2023 पासून सुरुवातीलाच दरमहा 37,000 रुपये मिळतात. नुसत्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे घरात आधी बोलून घ्या. ‘एआय इन बायोलॉजी’ अशा झगमगत्या नावाच्या महागड्या कोर्सला पैसे भरण्याआधी तिथे मुलांना स्वतःच्या हातानं पेशी वाढवायला मिळतात का, एवढं विचारा.

संधी कुठे? संशोधनासाठी पुण्याचं एनसीसीएस, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, लखनौचं आयआयटीआर. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गानं गुणसूत्रांना झालेल्या इजेवर काम होतं. नोकऱ्या औषध कंपन्यांत आणि जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) मान्यतेच्या चाचणी प्रयोगशाळांत असतात. 2011 पासून अशा भारतीय प्रयोगशाळांचे सुरक्षा-अहवाल ओईसीडी देशांत ग्राह्य धरले जातात, त्यामुळे परदेशी कंपन्यांचं कामही इथे येतं. या प्रयोगशाळांत प्रत्येक नोंद तारीख-सहीसह लागते. ज्याला टापटिपीचा कंटाळा आहे, त्याला हे काम जड जाईल.

आवड आहे की नाही, हे पैसे न खर्चता पाहता येतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड कॉलेजात करतातच. तोच कांदा डीएनए-इजेच्या चाचणीत जगभर वापरला जातो. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक कांदा स्वच्छ पाण्यावर आणि एक जवळच्या ओढ्याच्या पाण्यावर ठेवा. मुळं फुटली की स्लाइड करा आणि नेत्रिकेला मोबाइल लावून फोटो काढा. विभाजन चाललेल्या पेशी आधी स्वतः मोजा, मग इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरवर मोजा. दोन्ही आकड्यांत फरक येईलच. तो का आला, हे शोधत मुलगी तासभर स्क्रीनसमोर बसून राहिली, तर पुढच्या प्रवेश-अर्जांचं बोलणं सुरू करायला हरकत नाही.