आठवणींचें चित्र व त्याची चौकट



"आमच्या लहानपणीं असें नव्हतें," हें वाक्य तुम्हीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून अनेकदां ऐकलें असेल. तें ऐकून कांहीं मुलें हंसतात, कांहीं कंटाळतात. परंतु अशा आठवणी हें इतिहासाचें एक साधनच आहे, आणि तें कसें वापरावें हें शिकण्यासारखें आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका पिढीच्या बालपणाचें उदाहरण घेऊन आपण त्याचा विचार करूं.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें. लक्षावधि सैनिक घरीं परतले, त्यांचे संसार सुरू झाले, आणि १९४६ पासून १९६४ पर्यंत त्या देशांत सुमारें ७ कोटि ६० लक्ष मुलें जन्मलीं. परतणाऱ्या सैनिकांसाठीं १९४४ सालींच एक कायदा झाला होता. त्या अन्वयें त्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकार देई, व घरासाठीं काढलेल्या कर्जास हमी राही. घरांची मागणी एकदम वाढली. तेव्हां न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, जेथें पूर्वीं बटाट्यांचीं शेतें होतीं तेथें, १९४७ ते १९५१ ह्या काळांत एकाच धर्तीचीं १७,००० हून अधिक घरें उभीं राहिलीं. त्या वसाहतीचें नांव लेव्हिटाउन. देशांत इतरत्रहि अशा वसाहती झाल्या.

त्या वसाहतींत वाढलेलीं मुलें आतां आजीआजोबा झालीं आहेत. तीं सांगतात कीं, सकाळीं दूधवाला काचेच्या बाटल्या दाराशीं ठेवून जाई. दारास कुलूप नसे. उन्हाळ्याच्या सुटींत न्याहारी करून जें बाहेर पडावें, तें रस्त्यावरचे दिवे लागल्यावरच घरीं परतावें. नाताळापूर्वीं सिअर्स कंपनीच्या मालाची जाडजूड सूचि टपालानें येई, आणि खेळण्यांच्या पानांवर भावंडें आपापल्या खुणा करीत. १९५० सालीं त्या देशांतील शंभरांपैकीं सुमारें ९ घरांत टेलिव्हिजन होता. १९६० सालीं तो सुमारें ८७ घरांत आला. ज्या शेजाऱ्याकडे तो प्रथम आला, त्याच्या दिवाणखान्यांत सगळा शेजारपाजार जमे. १९५५ सालीं डेव्ही क्रॉकेट ह्या सीमाप्रांतांतील वीराच्या गोष्टी टेलिव्हिजनवर दाखविल्या, तेव्हां त्याच्यासारखी शेपटीची केसाळ टोपी मिळावी म्हणून घरोघरीं मुलांनीं हट्ट धरला.

नॉर्मन रॉकवेल ह्या चित्रकारानें हेंच जीवन आपल्या कुंचल्यानें अमर केलें. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' ह्या साप्ताहिकासाठीं १९१६ ते १९६३ पर्यंत त्यानें ३०० हून अधिक मुखपृष्ठें रंगविलीं. १९५८ सालच्या एका चित्रांत एक मुलगा डॉक्टरांच्या खोलींत खुर्चीवर उभा आहे. डॉक्टर पाठमोरे राहून सुई तयार करीत आहेत. आणि मुलगा भिंतीवर लावलेलें त्यांचें प्रमाणपत्र अगदीं निरखून वाचीत आहे! असें चित्र पाहून कोणास हंसूं येणार नाहीं? तें खोटें नाहीं. परंतु प्रत्येक चित्रास चौकट असते, आणि चौकटीबाहेर जें राहतें तें डोळ्यांस दिसत नाहीं.

त्या मुलाच्या आईस सुईची भीति वाटत नव्हती; तिला भीति होती ती उन्हाळ्याची. उन्हाळा आला कीं पोलिओ येई. पोहण्याचे तलाव बंद होत, मुलांस नाटकगृहांत व सिनेमास पाठवीत नसत. १९५२ सालीं त्या देशांत सुमारें ५८,००० लोकांस हा रोग झाला व ३,००० हून अधिक मृत्यु पावले. ज्यांचे श्वासाचे स्नायु लुळे पडत, त्यांना मानेपर्यंत एका लोखंडी नळकांड्यांत निजवीत. त्यांतील हवेचा दाब कमीजास्त होई, तेव्हां त्यांची छाती वरखालीं होई. १९५४ सालीं डॉ. जोनास साक यांच्या लशीची परीक्षा झाली. तींत सुमारें १८ लक्ष शाळकरी मुलांनीं भाग घेतला. ता. १२ एप्रिल १९५५ रोजीं लस गुणकारी असल्याचें जाहीर झालें. पुढें डॉ. आल्बर्ट सेबिन यांनीं तोंडानें द्यावयाची लस सिद्ध केली. तुमच्या जिभेवर लहानपणीं जे दोन थेंब पडले, ते त्यांच्याच शोधाचें फळ होय. भारत देश २०१४ सालीं पोलिओमुक्त ठरला, त्याची कथा अशी दूरच्या देशांतील भयभीत घरांपर्यंत जाऊन पोंचते.

दुसरी भीति अणुबाँबची. १९४९ सालीं रशियानेंहि अणुबाँबचा स्फोट केला. त्यानंतर अमेरिकन शाळांतून एक नवी कवायत सुरू झाली. शिक्षकांनीं हुकूम देतांच मुलांनीं बाकाखालीं दडावें व मान झांकून घ्यावी. त्यासाठीं १९५१ सालीं एक चित्रपट काढण्यांत आला. त्यांतील कासव धोका दिसतांच आपलें अंग पाठीखालीं ओढून घेतें. लांकडी बाकानें अणुबाँबपासून कितीसें रक्षण होणार, हा प्रश्न मुलांनाहि पडत असेलच.

तिसरी गोष्ट सर्वांत दुःखाची. लेव्हिटाउनमधील पहिल्या करारपत्रांत असें कलम होतें कीं, गोऱ्या वर्णाखेरीज इतरांस त्या घरांत राहूं देऊं नये. घरकाम करणारे नोकर तेवढे राहिले तरी चालेल! युद्धांत लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकासहि तेथें जागा नव्हती. दक्षिणेकडील संस्थानांत तर कायद्यानेंच शाळा वेगळ्या होत्या. ता. १७ मे १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तरी निकाल अंमलांत येण्यास वर्षें लागलीं. ता. १४ नोव्हेंबर १९६० रोजीं न्यू ऑर्लीन्स शहरांत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी आजवर केवळ गोऱ्या मुलांसाठीं असलेल्या शाळेंत गेली. बाहेर जमाव आरडाओरड करीत होता, म्हणून मध्यवर्ती सरकारचे अधिकारी तिच्यासोबत चालत होते. गोऱ्या पालकांनीं आपलीं मुलें काढून नेलीं. वर्षभर ती एकटीच वर्गांत बसे, आणि बार्बरा हेन्री नांवाच्या बाई तिला एकटीला शिकवीत. त्या बाई एकहि दिवस गैरहजर राहिल्या नाहींत.

आतां पुन्हां रॉकवेलकडे वळूं. १९६४ सालीं, आपल्या वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास, त्यानें 'लुक' पाक्षिकासाठीं काढलेलें ह्याच प्रसंगाचें चित्र प्रसिद्ध झालें. पांढरा झगा घातलेली एक लहान मुलगी हातांत पुस्तकें व पट्टी घेऊन ताठ मानेनें चालली आहे. पुढें दोन व मागें दोन अधिकारी आहेत, पण त्यांचीं मस्तकें चित्रांत आलेलींच नाहींत. मागच्या भिंतीवर फेंकून मारलेल्या टोमॅटोचा लाल डाग आहे. गोड बालपणाचीं चित्रें काढणाऱ्या त्याच हातानें आपली चौकट मोठी केली.

मित्रहो, यावरून आजोबांच्या आठवणी खोट्या ठरत नाहींत. दूधवाला खराच होता, आणि दिवे लागेपर्यंतचा तो खेळहि खरा होता. त्यांचें मन दुखेल असें कधीं बोलूं नका. पण त्यांच्याजवळ बसून प्रेमानें तीन प्रश्न विचारा. तुमच्या खेळांत कोणास घेत नसत? तुमच्या आईस रात्रीं कसली काळजी वाटे? आणि ती काळजी पुढें कोणी दूर केली?

तिसरा प्रश्न विसरूं नका. गतकाळ सर्व सोन्याचा होता असें मानणाऱ्यास त्यांतील दुःख दिसत नाहीं. आणि दुःखच दिसलें नाहीं, तर तें निवारण्यासाठीं झटलेल्यांचे उपकारहि दिसत नाहींत. सुई टोंचून घेणारीं तीं लक्षावधि मुलें, आणि एकाच मुलीसाठीं रोज वर्ग उघडणाऱ्या त्या बाई, यांचें ऋण आपण कोणत्या खात्यावर मांडणार? येत्या सुटींत घरच्या वडील माणसांकडून एक तरी आठवण, तिच्या चौकटीबाहेरच्या भागासह, लिहून आणा. ती वाचावयास मला फार आवडेल.