सहाही बलवान, तरी हार का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. तो नववीत आहे. फराळापेक्षा त्याचे लक्ष हातातल्या व्हिडिओ गेमकडेच अधिक. 'पोकेमॉन' हा त्याचा आवडता खेळ. पहिल्या संध्याकाळी तो दहा-बारा सामने खेळला आणि बहुतेक हरला. "मामा, हा संघच वाईट आहे," असे म्हणून त्याने सहाच्या सहा गडी बदलून टाकले. दुसऱ्या दिवशीही हरला. पुन्हा सहाही बदलले. तिसऱ्या दिवशी खेळ बाजूला ठेवून तो म्हणाला, "मला हे जमणारच नाही."

हे वाक्य मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी ऐकतो. मीटरचा काटा हलला नाही की विद्यार्थी तारा, बॅटरी, मीटर सगळेच एकदम बदलतात. मग कधी काटा हलतो, कधी हलत नाही. पण चूक कशात होती हे मात्र कळत नाही. म्हणून मी भाच्याला म्हटले, "तुझा पहिला संघ परत घे आणि एक वही आण."

त्या वहीतून जे निघाले ते खेळणाऱ्यांना उपयोगी आहेच, पण न खेळणाऱ्यांनाही उपयोगी आहे. म्हणून ते येथे मांडतो.

खेळाचे नियम

पोकेमॉनचे पहिले खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या यंत्रासाठी निघाले. निरनिराळे काल्पनिक प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांची लढत लावायची, असे या खेळाचे स्वरूप आहे. २००९ सालापासून त्याच्या जागतिक स्पर्धाही होऊ लागल्या. अशा स्पर्धांत प्रत्येकाने सहा जणांचा संघ आणायचा, एकमेकांचे संघ पाहून त्यांतले चार निवडायचे आणि एका वेळी दोन-दोन मैदानात उतरवायचे, अशी पद्धत रूढ आहे.

प्रत्येक पोकेमॉनचा एक किंवा दोन 'प्रकार' असतात : आग, पाणी, वीज, बर्फ, जमीन, ड्रॅगन, पोलाद इत्यादी. २०१३ साली असे एकूण १८ प्रकार झाले. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी आणि गवत पाण्याला भारी. भारी पडणाऱ्या प्रकारचा मारा दुप्पट लागतो, काही मारे निम्मे लागतात, तर काही मुळीच लागत नाहीत. प्राणी दोन प्रकारांचा असेल तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. गारचॉम्प हा पोकेमॉन ड्रॅगन आणि जमीन अशा दोन प्रकारांचा आहे. बर्फाचा मारा या दोन्ही प्रकारांना दुप्पट लागतो, म्हणून गारचॉम्पला तो २ × २ = ४ पट लागतो.

बेरीज कोठे फसली?

माझ्या भाच्याने संघ कसा निवडला होता? प्रत्येक पोकेमॉनला सहा मूलभूत गुण असतात : जीवनशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. या सहा आकड्यांची बेरीज बहुसंख्य पोकेमॉनांच्या बाबतीत ६०० पेक्षा कमी भरते. भाच्याने बरोबर ६०० बेरीज असलेले सहा जण शोधून काढले : गारचॉम्प, ड्रॅगनाइट, सॅलमेन्स, लँडोरस, टायरॅनिटार आणि मेटाग्रॉस. एकापेक्षा एक बलवान!

आता या सहांवर बर्फाचा मारा किती पट लागतो ते पाहू :

गारचॉम्प (ड्रॅगन, जमीन) – ४
ड्रॅगनाइट (ड्रॅगन, उड्डाण) – ४
सॅलमेन्स (ड्रॅगन, उड्डाण) – ४
लँडोरस (जमीन, उड्डाण) – ४
टायरॅनिटार (खडक, अंधार) – १
मेटाग्रॉस (पोलाद, मन) – १/२

एकूण १७ १/२. सर्वांना साधा मारा लागला असता तर बेरीज ६ आली असती! सहापैकी चौघे एकाच माऱ्याने कोसळणारे. प्रत्येक गडी सुटा पाहिला तर उत्तम. पण सर्वांचे दुखणे एकच. साखळीचे बळ कड्यांच्या बेरजेवर ठरत नाही, हे आपण जाणतोच. संघाचेही तसेच आहे.

वहीत भाच्याने प्रत्येक सामन्यानंतर एकच ओळ लिहिली : जिंकलो की हरलो, आणि सामना कोठे फिरला. दहा सामन्यांत तो तीन जिंकला, सात हरला. सातांपैकी पाच ठिकाणी त्याच्या अक्षरात एकच शब्द होता : 'बर्फ'.

एका वेळी एकच बदल

मग आम्ही सहांपैकी एकच गडी बदलला. सॅलमेन्सच्या जागी आर्केनाइन हा आगीचा पोकेमॉन घेतला. त्याच्या गुणांची बेरीज ५५५, म्हणजे सॅलमेन्सपेक्षा ४५ ने कमी. पण त्याला बर्फाचा मारा निम्माच लागतो. शिवाय मैदानात उतरताच समोरच्यांच्या हल्ल्याचा जोर कमी करणारा 'इंटिमिडेट' हा विशेष गुण दोघांतही असू शकतो, म्हणजे जुन्या गड्याचे एक महत्त्वाचे काम नवा गडीही करतो. बर्फाच्या स्तंभाची बेरीज १७ १/२ वरून १४ वर आली.

परंतु कोणताही बदल फुकट होत नाही. जमीन प्रकारच्या माऱ्याचा स्तंभ मांडून पाहा. गारचॉम्प १, ड्रॅगनाइट ०, सॅलमेन्स ०, लँडोरस ०, टायरॅनिटार २, मेटाग्रॉस २, बेरीज ५. सॅलमेन्स गेला आणि आर्केनाइन आला की शून्याच्या जागी २ येतात आणि बेरीज ७ होते. एक भोक बुजवताना दुसरे थोडे मोठे झाले. संघ बांधणे म्हणजे सर्व भोके बुजवणे नव्हे, कारण ते शक्यच नसते. कोणते भोक परवडेल ते ठरवणे म्हणजे संघ बांधणे.

हे कौशल्य २०१४ साली वॉशिंग्टन येथील जागतिक स्पर्धेत सर्वांनी पाहिले. प्रौढ गटात विजेता ठरलेल्या दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांच्या संघात पाचिरिसू नावाची एक इवलीशी खार होती. गुणांची बेरीज अवघी ४०५, आणि हल्ला फक्त ४५. पण तिला दोन गोष्टी येत होत्या. 'फॉलो मी' या डावाने ती शत्रूचे मारे स्वतःकडे ओढून घेई आणि तोवर शेजारचा बलवान गडी आपले काम उरके. शिवाय विजेचा मारा लागला की तिची शक्ती उलट वाढे. त्याच संघात गायराडॉस होता. पाणी आणि उड्डाण प्रकारच्या या गड्याला वीज ४ पट लागते. आता या दोघांची जोडी मनात लावून पाहा, म्हणजे ४०५ बेरजेची खार तेथे काय करत होती ते कळेल.

सर्वांत चांगला डाव का नसतो?

आता डावपेचांकडे वळू. सोपेपणासाठी एकास एक अशी लढत घेऊ. आपल्याकडे पॉरिगॉन-२ आहे. त्याला विजेचा मारा आणि बर्फाचा मारा असे दोन्ही येतात. समोर गायराडॉस उभा आहे आणि त्याच्या मागे राखीव गडी म्हणून गारचॉम्प आहे. प्रतिस्पर्धी गायराडॉसला ठेवू शकतो किंवा ऐन वेळी गारचॉम्प आणू शकतो. दोघांनीही आपला डाव एकाच वेळी, गुप्तपणे ठरवायचा असतो.

चार शक्यता होतात. वीज गायराडॉसला ४ पट लागते, तो बाद होतो. याला ३ गुण देऊ. वीज गारचॉम्पला मुळीच लागत नाही, ० गुण. बर्फ गारचॉम्पला ४ पट लागतो, तोही बाद, ३ गुण. बर्फ गायराडॉसला साधाच लागतो आणि त्याची साधारण एक तृतीयांश शक्ती जाते, १ गुण.

आपण नेहमी वीजच मारली तर हुशार प्रतिस्पर्धी नेहमी गारचॉम्प आणील, आपल्याला शून्य. नेहमी बर्फच मारला तर तो गायराडॉस हलवणार नाही, आपल्याला १. पण आपण कधी वीज, कधी बर्फ असे मिसळले तर?

समजा, वीज मारण्याची संभाव्यता 'प' आहे. मग बर्फाची (१ – प).
गायराडॉस राहिला तर सरासरी गुण = ३प + १(१ – प) = १ + २प.
गारचॉम्प आला तर सरासरी गुण = ३(१ – प) = ३ – ३प.

प्रतिस्पर्ध्याने काहीही केले तरी आपले नुकसान होऊ नये, म्हणून दोन्ही सरासरी समान ठेवू : १ + २प = ३ – ३प. म्हणजे ५प = २, प = २/५. दोन्हीकडे सरासरी १.८ येते. नुसत्या विजेने ० ची खात्री, नुसत्या बर्फाने १ ची, आणि मिसळून १.८ ची! गंमत अशी की समोर दिसणाऱ्या गायराडॉसला भारी पडणारी वीज पाचांत दोनदाच मारायची आहे. दोन खेळाडूंच्या ज्या खेळात एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा असतो, त्यात असे मिश्रण नेहमी सापडते, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली गणिताने सिद्ध केले.

मात्र हे झाले अत्यंत हुशार प्रतिस्पर्ध्यासाठी. समोरचा पाचांत तीन वेळांपेक्षा जास्त गायराडॉसला ठेवतो असे दिसून आले, तर वीज मारणेच फायद्याचे. म्हणून आधी मिसळून खेळा, समोरच्याची सवय मोजा, मगच बदला. आणि तोही तुमची सवय मोजत असतो, हे विसरू नका.

सरड्यांचा डाव

हेच चक्र निसर्गातही आढळते. पोकेमॉन निघाले त्याच वर्षी, १९९६ साली, सिनर्व्हो आणि लाइव्हली या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील एका जातीच्या सरड्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. या जातीच्या नरांचे गळे तीन रंगांचे असतात. नारिंगी नर दांडगे. ते मोठा प्रदेश बळकावतात आणि निळ्यांना हटवतात. पण मोठ्या प्रदेशावर पहारा नीट होत नाही, म्हणून मादीसारखे दिसणारे पिवळे नर त्यात चोरून शिरतात. निळे नर लहानशा प्रदेशावर कडक पहारा ठेवतात, तेथे पिवळ्यांचे काही चालत नाही. १९९० ते १९९५ या काळात आधी निळे वाढले, मग नारिंगी, मग पिवळे आणि पुन्हा निळे!

खेळातही असेच होते. एखादा संघ गाजला की सर्वजण तो घेतात. मग त्याला हरवणारा संघ पुढे येतो, आणि पुढे त्यालाही हरवणारा. त्या त्या वेळी काय प्रचलित आहे याला खेळाडू 'मेटा' म्हणतात. 'सर्वांत चांगला संघ कोणता?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. 'आज समोर कोण आहेत?' हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सहा जिंकले, म्हणजे सिद्ध झाले का?

आर्केनाइन आल्यावर भाचा दहांपैकी सहा सामने जिंकला. तो आनंदाने ओरडला, "मामा, संघ सुधारला!" मी त्याला एक नाणे दिले. नाणे दहा वेळा उडवले तर छापे नेहमी पाचच पडत नाहीत. हिशेब केला तर १०० फेऱ्यांपैकी सुमारे ८९ फेऱ्यांत छाप्यांची संख्या ३ ते ७ यांच्या दरम्यान राहते. नाणे तेच, हात तोच. तरी एकदा ३ आणि एकदा ६ छापे सहज पडतील. दहा सामन्यांच्या निकालावरून संघ सुधारला असे म्हणता येत नाही. आणि हेही तितकेच खरे की दहा सामन्यांवरून 'मला जमणारच नाही' असेही म्हणता येत नाही.

१०० सामने खेळून ३० आणि ६० असा फरक पडला असता तर गोष्ट वेगळी. १०० नाणेफेकींत ३० किंवा त्याहून कमी छापे पडणे दहा हजार फेऱ्यांत एकदाही कठीण. पण शंभर सामने खेळायला सुट्टी कोठे पुरते? येथे वही उपयोगी पडते. निकाल फक्त 'किती' ते सांगतो, वही 'का' ते सांगते. सातांपैकी पाच ठिकाणी 'बर्फ' लिहिलेले होते, म्हणूनच तर काय बदलायचे ते कळले.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाचा पुन्हा एक सामना हरला. या वेळी त्याने एकही गडी बदलला नाही. वही उघडली आणि लिहिले : 'बर्फ नाही. जमीन.' स्तंभाची बेरीज ५ वरून ७ झाली होती, ती त्याला आठवली असावी. जाताना त्याने वही मागून नेली.

करून पाहा

१. पाच सारख्या चिठ्ठ्या घ्या. दोनांवर 'वीज' आणि तिनांवर 'बर्फ' लिहा. दर डावाला एक चिठ्ठी उचला आणि नंतर परत टाका. मित्राने चिठ्ठी न पाहता 'गायराडॉस' किंवा 'गारचॉम्प' म्हणायचे. वर दिलेले गुण मांडा. ५० डावांची सरासरी १.८ च्या जवळ येते का? मित्राने युक्ती बदलली तर ती बदलते का?

२. भाच्याच्या पहिल्या संघासाठी विजेच्या माऱ्याचा स्तंभ मांडा. वीज उड्डाणाला दुप्पट, ड्रॅगनला निम्मी आणि जमिनीला शून्य लागते. या संघातील बाकी प्रकारांना साधी. (उत्तर : बेरीज ४.)

३. वर्गातील प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवून छापे मोजावेत. फळ्यावर आलेख काढा. ३ ते ७ च्या बाहेर किती जण गेले?