उन्हापासून त्वचेचें रक्षण

शेतीचा धंदा उन्हाशीं जखडलेला आहे. ज्या सूर्यप्रकाशावर पीक वाढतें त्याच प्रकाशानें शेतकऱ्याची कातडी झिजते. परंतु तिकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. हल्लीं औषधांच्या दुकानांतून सनस्क्रीन नांवाचा लेप सर्रास मिळतो. तो उपयुक्त आहे खरा, पण त्याची मर्यादा ओळखूनच वापरावा, एवढें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात. योहान रिटर या शास्त्रज्ञानें ते १८०१ सालीं शोधून काढले. त्यांपैकीं ‘बी’ किरणांनीं कातडी भाजते. ‘ए’ किरण अधिक खोल शिरून सुरकुत्या व डाग आणतात. सांवळा वर्ण कांहीं अंशीं रक्षण करतो, पूर्णपणें नव्हे. पीकपाहणीसाठीं बांधोबांध हिंडतांना आम्हीं अनेकदां पाहिलें आहे कीं, वृद्ध शेतकऱ्याची मान चामड्यासारखी राठ झालेली असते, तर बंडीखालील पाठ मऊच राहते. यावरून वस्त्राचें सामर्थ्य ध्यानांत यावें. वस्त्र हें पहिलें कवच. लेप हा उघड्या राहणाऱ्या भागापुरता.

लेप वापरतांना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) ‘ए’ व ‘बी’ दोन्ही किरण अडविणारा, एस. पी. एफ. ३० किंवा अधिक अंकाचा लेप घ्यावा. ३० अंकाचा लेप ‘बी’ किरणांपैकीं सुमारें ९७ टक्के अडवितो, १५ अंकाचा ९३ टक्के; म्हणजे अंक दुप्पट झाल्यानें रक्षण दुप्पट होत नाहीं. मुदत उलटलेला लेप घेऊं नये.

(२) हा अंक दर चौरस सेंटिमीटरास २ मिलिग्रॅम लेप लावून ठरवितात. बोटभर लेप सर्व अंगास पुसल्यास तो गुण येत नाहीं. तर्जनी व मध्यमा यांच्या लांबीभर लेप चेहरा व मान यांस लागतो. कान विसरूं नयेत.

(३) उन्हांत जाण्यापूर्वीं पाव तास लावावा. दर दोन तासांनीं, व घाम पुसल्यावर, पुन्हां लावावा.

(४) लेपानें उष्माघात टळत नाहीं. पाणी व सावली यांची गरज तशीच राहते.

(५) सहा महिन्यांखालील मुलास लेप न लावतां सावलींतच ठेवावें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. कित्येक सनस्क्रीन लेपांमुळें २,४-डी हें तणनाशक कातडींतून अधिक प्रमाणांत आंत शिरतें, असें प्रयोगांत आढळलें आहे. म्हणून लेप लावला म्हणजे अंग झांकलें, असें समजून उघड्या हातांनीं फवारणी कदापि करूं नये. ती सकाळीं लवकर किंवा दिवस कलल्यावर करावी. त्या वेळीं लेपाची फारशी गरजच भासत नाहीं. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व तोंडावरील मुखवटा वापरावा. काम संपतांच साबणानें स्वच्छ धुवावें. औषधाच्या हातानें लेपाच्या नळीस स्पर्श करूं नये.

ज्यांस लेप परवडत नाहीं त्यांनीं खंत करूं नये. आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड झाली कीं ऊन तीव्र झालें असें समजावें. त्या वेळांत शक्य तितकें सावलींतील काम काढावें. शेतांत राहणें भागच असेल तर रुंद कांठाची टोपी, मानेवर उपरणें व लांब बाह्या यांनीं बरेंच रक्षण होतें. खुरपणीस बसणाऱ्या आपल्या घरच्या स्त्रियांसही हें आवर्जून सांगावें.